पलंगाखालचा स्क्रू

पहिल्यांदा मला दिसले ते त्याचे बूट.

मी एका टेम्पोखाली उताणी पडले होते, दातांत टॉर्च, हातात पाना. आणि कानाजवळ येऊन थांबलेले ते दोन तपकिरी बूट... नाड्यांच्या गाठींत लाकडाचा भुसा अडकलेला.

“मिस्त्री आहेत का?” वरून आवाज आला.

“आहेत.”

“कुठे?”

“तुमच्या पायाशी.”

बूट दचकून एक पाऊल मागे सरले. मग गुडघे टेकले, मग हात, आणि मग एक चेहरा टेम्पोखाली डोकावला – उलटा. कपाळावर केस, कानामागे पेन्सिल. उलट्या चेहऱ्यावरचं हसू आधी रडण्यासारखं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“माफ करा हं, मला वाटलं...”

“सगळ्यांनाच वाटतं. बोला, काय दुखतंय गाडीला?”

“बॅटरी. चार्ज केली की पूर्ण भरलेली दाखवते, आणि चार तासांत मान टाकते.”

“म्हणजे सेल्फ मारत नाही?”

“छे, गाडी झकास सुरू होते. मी गाडीच्या बॅटरीचं नाही म्हणत...” तो जरा अडखळला. “घराच्या बॅटरीचं म्हणतोय.”

मी टेम्पोखालून बाहेर आले तेव्हा शेडसमोर एक जुनी मिनीबस उभी होती. सायीच्या रंगाची, खिडक्यांना निळे पडदे, दाराशी दोन पायऱ्यांची घडीची लाकडी शिडी. आत पलंग, ओटा, कपाटं, पुस्तकांचं शेल्फ... सगळं लाकडात, सांधा म्हणून कुठे दिसेल तर शपथ. मोटारहोम म्हणतात ते हे. दारातल्या खुर्चीत शाल पांघरून एक म्हातारी भिंग लावून वर्तमानपत्र वाचत होती.

“या, बघा आमचं बिऱ्हाड,” ती म्हणाली. “विंचवाचं असतं ना पाठीवर, तसं. त्यातली नांगी तेवढी मी.”

ती त्याची मावशी. तो सुतार. आठ वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून मावशीनंच त्याला वाढवलं होतं. बस भंगारातून घेऊन त्यानं दीड वर्ष खपून तिचं घर केलं होतं. लाकूडकाम स्वतःचं, आणि वायरिंगही, दुर्दैवानं, स्वतःचंच.

“लाकूड माझं ऐकतं,” तो म्हणाला. “वीज मात्र सवतीसारखी वागते.”

“वीज कुणाचंच ऐकत नाही. तिचं ऐकावं लागतं,” मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली. हे बाबांचं वाक्य होतं. आमच्या दुकानात सगळीच वाक्यं बाबांची. तीस वर्षं त्यांनी बॅटऱ्या आणि वायरिंग केलं. आता त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि मी काम करायचे.

गाडीत पलंगाशेजारच्या कप्प्यात दोन मोठ्या बॅटऱ्या एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. इंजीन चालू असताना त्या चार्ज व्हायच्या आणि गाडी थांबली की दिवे, पंखा, छोटा फ्रिज त्यांच्यावर चालायचा. आणि मावशींचं यंत्र. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा, म्हणून नाकावर मास्क लावून त्या यंत्राच्या हवेवर झोपायच्या.

“परवा घाटात मुक्काम होता,” तो मावशींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला. “यंत्र मध्येच बंद पडलं. मला जाग आली ती तिच्या घरघरीनं. उजाडेपर्यंत तिला पाठीला आधार देऊन बसवलं होतं... पुढच्या वाटेवरही एक मुक्काम असाच आहे. वीज नाही, वस्ती नाही. बॅटऱ्या टिकल्या तरच जायचं.”

बोलताना तो पेन्सिल बोटांत फिरवत होता. बोटं लांब, नखं स्वच्छ, अंगठ्यावर जुन्या जखमेचा पांढरा वण. मी वणाकडे जरा जास्तच वेळ बघितलं असावं, कारण त्यानं अंगठा मुठीत लपवला.

“दोन दिवस तरी लागतील,” मी म्हटलं.

“लागू देत,” तो म्हणाला. आणि हे तो बॅटऱ्यांकडे बघून म्हणाला नाही.

*

ते सोमवारी आले होते.

गाडी शेडमागच्या अंगणात लावली. मावशींची झोपायची सोय दुकानामागच्या खोलीत केली. तिथे वीज होती, त्यांचं यंत्र तिथल्या प्लगवर बिनघोर चालायचं. तो गाडीतच झोपायचा.

मी दोन्ही बॅटऱ्या सुट्या केल्या. झाकणं उघडली तर पाणी आटून आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. पाणी घातलं, टोकांवरची पांढरी बुरशी खरवडली, सावकाश चार्ज केल्या. मग काचेच्या नळीनं एकेका कप्प्यातलं ॲसिड ओढून बघितलं. तो शेजारी टॉर्च धरून उभा.

“टॉर्च बॅटरीवर धरा,” मी म्हटलं. “माझ्या तोंडावर नको.”

“हात थरथरला.”

“सुताराचा?”

“लाकडासमोर नाही थरथरत.”

मी नळीकडेच बघत राहिले. चौथ्या कप्प्यातला तरंगणारा काटा वरच येईना. “हा कप्पा मेलाय. आणि जोडलेल्या आहेत ना दोघी, त्यामुळे ही शेजारणीलाही घेऊन बुडते. दोन्ही बदलाव्या लागतील.”

“एकीसाठी दुसरीला शिक्षा?”

“एकत्र नांदल्या की असंच होतं.”

खुर्चीतून बाबा खाकरले. मी नळी धुवायला घेतली.

नव्या बॅटऱ्या बुधवारी आल्या. तोवर त्याला रिकामं बसवेना. आमच्या शेडमधलं कामाचं टेबल एका पायानं लंगडं होतं, विटेवर उभं. त्यानं विचारलंसुद्धा नाही. जुन्या दाराच्या फळ्या शोधून काढल्या आणि अंगणात रंधा मारायला बसला. दिवसभर ती सर्र... सर्र... आणि लाकडाचे गोल गोल काप वाऱ्यानं उडत माझ्यापर्यंत यायचे. अंगणातली वाळकी पानंही सोबत उडायची. कुठलं पान आणि कुठला काप, कळायचं नाही.

दुपारी चहाला आम्ही चौघं एकत्र. माझ्या शर्टाच्या बाहीवर ॲसिडनं पडलेली भोकं तो एक-एक करून मोजायचा.

“ही नक्षी कुठे करून मिळते?”

“इथेच. मापं द्या, तुम्हालाही करून देते.”

“अहो, मापं काय... अख्खा माणूस ठेवून जातो.”

“अरे, ‘अहो-जाहो’ किती दिवस चालणार तुमचं?” मावशी भिंगाआडून म्हणाल्या. “माझं वय बघून तरी घाई करा.”

बाबा मोठ्यानं हसले. कितीतरी दिवसांनी. तो कानापर्यंत लाल झाला आणि मी कप विसळायला उठले, दोन कपांत अजून चहा होता तरीही.

त्याच दुपारी मावशींनी मला त्यांच्या प्रवासाचं कारण सांगितलं. त्या तिघी बहिणी. त्याची आई मधली. ती गेली तेव्हा थोरलीला आणि ह्यांना, दोघींनाही पोर हवं होतं. थोरलीला मूलबाळ नव्हतं. “मी तिला नको ते बोलले,” मावशी म्हणाल्या. “म्हटलं, तुला कुंडीतलं झाड जगवता येत नाही, तू पोर काय वाढवणार? पोराला उचलून निघून आले. त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघितलं नाही. गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं. एका ओळीचं. ‘या. दोघंही या.’ बस्स.”

“मग तुम्हाला उशीर होतोय इथे...”

“छे गं. बावीस वर्षं गेली, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?”

हे वाक्य मी पुढे फार वापरलं. स्वतःशीच.

*

नव्या बॅटऱ्या बसवल्या. पूर्ण भरल्या. आणि गुरुवारी सकाळी बघते तर अर्ध्यावर उतरलेल्या!

म्हणजे दोष दोन होते. जुन्या बॅटऱ्या मेल्या होत्या हे खरं, पण त्यांना कुणीतरी मारलंही होतं. सगळे दिवे बंद, फ्रिज बंद, तरी तारेला मीटरचा चिमटा लावला की काटा हलायचा. कुठूनतरी वीज गळत होती... बंद नळातून थेंब-थेंब पाणी जावं तशी.

मी एकेक फ्यूज काढत गेले. पहिला – काटा तसाच. दुसरा – तसाच. तिसरा काढला आणि काटा शून्यावर येऊन बसला. पलंगाकडे जाणारी तार.

गादी उचलली, फळी सरकवली. आणि दिसलं. पलंगाची चौकट बसवताना त्यानं मारलेला एक लांब स्क्रू थेट तारेतून आरपार गेला होता. वरचं आवरण फाटलेलं, तांबं हिरवट पडलेलं, भोवतीच्या लाकडावर काळा डाग. स्क्रूचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकलेलं. इतकं सुबक काम केलेल्या माणसाचा एकच स्क्रू चुकला होता, आणि तोही नेमका मावशींच्या उशाखाली.

काम अर्ध्या तासाचं. स्क्रू काढायचा, तार तोडून नव्यानं जोडायची, वर नळी चढवायची. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता.

बाहेरून रंध्याचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, तो लाकडावर फुंकर मारायचा, मग पुन्हा सर्र... सर्र... मी ऐकत राहिले. अर्ध्या तासानं हा आवाज बंद होणार. हत्यारं पेटीत जाणार, मावशी खुर्चीत बसणार, पडदे ओढले जाणार. एकोणतीस वर्षांची होते मी. माझ्या वाट्याला गाड्या यायच्या, बऱ्या व्हायच्या आणि निघून जायच्या. आजवर एकीच्याही मागे बघत राहावंसं वाटलं नव्हतं.

मी फळी परत बसवली. गादी सारखी केली. फ्यूज मात्र काढूनच ठेवला. आग लागू नये एवढी अक्कल शाबूत होती.

पायऱ्या उतरून खाली आले. तो घाम पुसत उभा. “सापडलं?”

“अजून नाही,” मी म्हटलं.

“बरं झालं,” तो हळूच म्हणाला. मग गडबडीनं, “म्हणजे... बरं नाही. टेबल अजून व्हायचंय, म्हणून म्हटलं.”

*

त्या दोन दिवसांबद्दल काय सांगू? खोटं बोलून मिळवलेले असले तरी ते माझ्या आयुष्यातले सगळ्यांत खरे दिवस होते.

शुक्रवारी आम्ही लाकडाच्या वखारीत गेलो. टेबलाच्या पायांसाठी चांगलं लाकूड हवं होतं त्याला. बारीक भुरभुर पाऊस होता, छत्री एक. त्याचा खांदा सगळा भिजलेला आणि माझा कोरडा.

“छत्री मध्ये धर ना,” मी म्हटलं.

तो थांबला. “काय म्हणालीस?”

“छत्री...”

“त्याच्यानंतरचं. ‘धरा’ नाही म्हणालीस.”

मी पुढे चालू लागले. तो छत्री घेऊन मागे धावत आला. “हे बघ, एकदा तोंडातून गेलं ते गेलं, आता परत ‘अहो’ चालणार नाही!”

वखारीत त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि एकेक फळी नाकाशी धरली. ही थंड वासाची, ही मिऱ्यासारखी, ही जुन्या वह्यांसारखी. चौथ्या वेळी वास ओळखीचा आला, ऊबदार, भुशाचा, साबणाचा. मी डोळे उघडले तर त्याचं मनगट.

“हे कुठलं लाकूड?” तो म्हणाला. आवाज एकदम खालचा.

“ओंडका,” मी म्हटलं. पण मनगट लगेच सोडलं नाही.

शनिवारी टेबल झालं. चारही पायांवर भक्कम. त्यानं मला उचलून वर बसवलं, “तपासून बघ, डुगडुगतंय का,” आणि हात काढून घ्यायला विसरला. मला वाटलं, आत्ता सांगावं. पलंगाखाली काय आहे ते, गुरुवारपासून मी काय करतेय ते. ओठांवर आलंही...

“सोमवारपासून एक विचारायचंय,” तो म्हणाला. “आत्ता नाही विचारत. मावशीचं काम आधी. येताना विचारीन.”

“आणि उत्तर नाही आलं तर?”

“तर टेबल परत नेईन.”

संध्याकाळी मावशी दारातल्या खुर्चीत बसून थोरलीला नेण्यासाठी घेतलेली शाल पुन्हा पुन्हा घडी करत होत्या. उलगडायच्या, घडी करायच्या. मला बघून म्हणाल्या, “तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे. दोघी खिडकीत बसून भांडणार आहोत. बावीस वर्षांचं साचलंय.”

मी तशीच गाडीत गेले, फळी काढली आणि हाक मारली, “सापडलं!”

त्यानं तो स्क्रू हातात घेऊन बघितला आणि कपाळाला हात लावला. “माझाच की! अरे देवा... माझ्याच हातचा!” किती हसला. मीही हसले.

रविवारी सकाळी ते निघाले. वळणावर त्यानं खिडकीतून हात काढला आणि तो दिसेनासा होईपर्यंत आत घेतला नाही.

*

सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

“पोचलो,” तो म्हणाला.

“बॅटऱ्या?”

“उत्तम. यंत्र एकदाही थांबलं नाही. मावशी छान झोपली.” मागे वाऱ्याचा आवाज होता. “थोरली मावशी आज पहाटे गेली.”

मी समोरच्या टेबलाची कड धरली.

“आजारी होती. पत्रात लिहिलं नव्हतं तिनं. शेजारीण सांगत होती... शनिवारपासून खिडकीतून उठली नाही. रस्त्यावर गाडी आली की विचारायची, ‘आले का?’ दोन पलंग मांडून ठेवले होते आमच्यासाठी. एक छोटा आहे... मी आठ वर्षांचाच आहे असं धरून असेल.” त्यानं नाक पुसल्याचा आवाज आला. “आपण काय करणार? बॅटरीचा दोष सापडायला वेळ लागला. तू तर किती खपलीस आमच्यासाठी...”

मी फोन ठेवला आणि शेडमागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

ते गुरुवारी दुपारी निघाले असते, तर शनिवारी सकाळी पोचले असते.

*

अठरा दिवसांनी सायीच्या रंगाची बस पुन्हा आमच्या अंगणात शिरली. भर दुपार होती. मावशी खुर्चीत होत्या, पण वर्तमानपत्र मिटलेलं. तेवढ्या दिवसांत त्या लहान झाल्यासारख्या वाटल्या.

तो सरळ माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. माझे काळे झालेले हात त्यानं तसेच आपल्या हातांत घेतले.

“येताना विचारीन म्हटलं होतं,” तो म्हणाला. “वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, आता एक शब्द आठवत नाही. मला तू हवीस. मावशीला घरी पोचवतो आणि बाबांशी बोलायला येतो. तुझं दुकान सोडायला नको, मी इथे रंधा मारीन. ह्या सगळ्या वाईटात एवढी एकच गोष्ट चांगली झाली माझी. तू बोल ना काहीतरी...”

किती सोपं होतं! ‘हो’ म्हणायचं. कुणाला कधी कळलं नसतं.

“गुरुवारी सापडला होता,” मी म्हटलं.

“काय?”

“स्क्रू. गुरुवारी दुपारी. तू बाहेर रंधा मारत होतास. मी बघितला आणि फळी परत लावली.”

त्याला आधी समजलंच नाही. हसण्याच्या तयारीत राहिलेला चेहरा तसाच थांबला. “का?”

“तू जाऊ नयेस म्हणून.”

त्याचे हात अजून माझ्या हातांवर होते. मग नव्हते. मनातल्या मनात तो दिवस मोजत होता, मला ते दिसत होतं. गुरुवार. शुक्रवार. शनिवार.

“शनिवारी ती खिडकीत होती,” तो म्हणाला.

“हो.”

तो वळला आणि फाटकातून बाहेर पडून रस्त्यानं चालू लागला.

मावशींना मीच सांगितलं. त्यांच्या पायाशी बसून, काही न गाळता. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शाल त्यांच्या मांडीवर होती, तशीच घडीची.

“मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं गं,” शेवटी त्या म्हणाल्या.

“नसतं चाललं.”

“हं.” त्या बाहेर बघत राहिल्या. “तुझ्यावर कुठल्या तोंडानं रागावू? माझे हातपाय बावीस वर्षं धड होते.” आणि जरा वेळानं, “पण आज माझ्याजवळ बसू नकोस. आज नको.”

मी उठले.

तो परत आला तेव्हा ऊन कलत आलं होतं. मी त्यानंच केलेल्या टेबलापाशी उभी होते. तो टेबलाच्या पलीकडे थांबला.

“मला ‘थांब’ म्हणाली असतीस, तर मी तिला तिकडे पोचवून दुसऱ्याच दिवशी परत निघालो असतो,” तो म्हणाला. “उलट्या पावली आलो असतो. एवढंसुद्धा कळलं नाही तुला?”

“नाही कळलं.”

“माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं गं सगळं...”

“मला वाचता आलं नाही. मला वाटलं, सगळेच जातात तसा तूही जाशील.”

त्यानं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. “‘माफ केलं’ असं म्हणावंसं वाटतंय. पण म्हटलं तर ते आज खोटं होईल. आणि खोटं...”

“नको म्हणूस.”

“मी तुझ्यावर प्रेम करायचं थांबवलेलं नाही,” तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, एखादं माप सांगावं तसा. “फक्त तुझ्याकडे बघितलं की ती खिडकी दिसते. काय करू मी?”

मी म्हटलं, “मावशींना उजेडात घेऊन जा. पुढचा रस्ता खराब आहे.”

ते गेले. ह्या वेळी खिडकीतून हात बाहेर आला नाही.

*

मी शेडमध्ये येऊन बसले. बाबा खुर्ची सोडून कधी नव्हे ते माझ्या शेजारी, जमिनीवर, हळूहळू येऊन बसले.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“गुरुवारी तू मीटर तिथेच सोडून हात धुवायला गेलीस. मी गाडीत जाऊन बघितलं. तिसरा फ्यूज काढून ठेवलेला. तीस वर्षं केलंय हे काम, एवढं कळतं.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “मग बोलला का नाहीत, बाबा? मला ओरडायचं तरी...”

बाबांनी नव्या टेबलाकडे बघितलं.

“तू हसत होतीस,” ते म्हणाले.

त्या दिवशी मी लहानपणीसारखी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ते माझ्या केसांवरून हात फिरवत होते आणि हात नेहमीसारखा थरथरत होता.

त्यानंतर थंडी आली आणि सरली. त्याचा फोन नाही. मीही केला नाही. तेवढा हक्क मी गमावला होता. गाड्या येत राहिल्या. एका सकाळी दुकानाचा फोन वाजला, मी ‘बोला’ म्हटलं, आणि पलीकडून दमलेला, ओळखीचा आवाज आला.

“नांगी बोलतेय.”

“मावशी!” माझ्या हातातून पाना सुटला.

त्यांनी बाबांची चौकशी केली, थंडीची केली. थोरलीच्या कुंड्या आणून आपल्या दारात लावल्या आहेत, सगळ्या जगल्या, असं सांगितलं. फोनमधून मागे कुठेतरी दूर, सर्र... सर्र... ऐकू येत होतं. मी फोन कानाशी घट्ट धरला.

“कसा आहे?” मी विचारलं.

“काम करतो. जेवतो. राग गेलाय की नाही, मला सांगता येत नाही, आणि मी विचारत नाही.” मावशींनी आवाज खाली आणला. “पण तुझा विषय निघाला की रंधा थांबतो.”

मी डोळे मिटले. “किती वेळ?”

“चहा गार होईपर्यंत,” त्या म्हणाल्या. “मग पुन्हा सुरू करतो.”